रूट कॅनलची दाढ किती वर्षं टिकते? आधी वर दाढ किती उरलीय ते बघू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३८, खालची डावीकडची पहिली दाढ खोलवर किडलीय, रात्री ठणका लागतो. एका डॉक्टरांनी रूट कॅनल करून, म्हणजे मुळांतली नस काढून ती पोकळी साफ करून भरून, वर दाढ झाकणारी कॅप बसवायला सांगितलं. दुसरे म्हणाले, "रूट कॅनल म्हणजे पाच-सात वर्षांचा खेळ, दाढ काढा आणि इम्प्लांट करा." (इम्प्लांट म्हणजे दाढेच्या जागी हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दाढ.) त्यात आईंच्या दाढेचं दोन वर्षांपूर्वी रूट कॅनल झालं होतं, ती दिवाळीत चकली खाताना उभी चिरली आणि काढावी लागली. म्हणून तुम्ही विचारताय की अशी दाढ दहा-वीस वर्षं टिकते का, आणि आम्ही डेंटिस्ट लोक स्वतःच्या तोंडात रूट कॅनल करून घेतो का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल १९९९ साली झालं, मी इंटर्नशिपला असताना. एका सीनियर मैत्रिणीने चार बैठकांत केलं. सगळ्या फाईल्स, म्हणजे मुळं आतून घासायच्या बारीक सुया, हाताने फिरवायच्या, प्रत्येक मापाला एक्स-रे काढायचा, तो अंधाऱ्या खोलीत धुवायचा आणि ओला असतानाच खिडकीशी धरून बघायचा. तोवर मी आ वासून खुर्चीत. वर परवडली ती मेटलची कॅप बसवली, हसले की अजून चकाकते. त्या दाढेने मी आजही चिक्की खाते. एका दाढेवरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

आता मुख्य प्रश्न. "रूट कॅनल यशस्वी झालं" असं म्हणताना आम्ही डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतो, आणि दोन डॉक्टरांची मतं जुळत नाहीत त्याचं एक कारण हेच. एक म्हणजे दाढ तोंडात आहे, दुखत नाही, तिने जेवता येतं. दुसरी म्हणजे एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी कुठेही काळा डाग, म्हणजे जंतूंमुळे झिजलेलं हाड, नाही, हाड पूर्ण भरलंय. पहिल्या मापाने आकडे फार चांगले दिसतात, दुसऱ्याने जरा कमी. पेशंटला पहिलं हवं असतं, आमच्या परीक्षकांना दुसरं. तुमच्या डॉक्टरांनी कुठलं माप धरून "पाच-सात वर्षं" म्हटलं ते मला माहीत नाही, पण दोन्ही मापांनी तो आकडा फार कमी आहे.

पहिल्या मापाचा मोठा आकडा अमेरिकेतला. दातांच्या विम्याच्या नोंदींवरून तिथे सुमारे १४ लाख ६२ हजार रूट कॅनल केलेल्या दातांचा आठ वर्षांचा हिशेब मांडला गेला आणि तो २००४ साली छापून आला. त्यातले ९७ टक्के दात आठ वर्षांनीही तोंडात होते. तैवानमध्येही १५ लाखांवर दातांचा असाच हिशेब झाला, तिथे पाच वर्षांनी सुमारे ९३ टक्के दात शाबूत होते. आता, विमा काढलेला अमेरिकन पेशंट आणि ऊसतोडीवरून थेट दवाखान्यात आलेला माझा पेशंट यांत फरक आहे. दुखलं की लवंगेचं तेल, मग गोळी, मग सूज आल्यावर डॉक्टर, हा आपला क्रम. तेव्हा ९७ चा आकडा जसाच्या तसा इथे लावू नका.

पण त्याच अमेरिकन अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी प्रत्येक पेशंटला सांगते. जे थोडे दात काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅपच नव्हती.

म्हणूनच मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा वेगळा आहे. मुळांतलं काम नीट होईल का, ही काळजी करायलाच हवी, पण दाढ वीस वर्षं टिकणार की दोन, हे बरंचसं वरच्या भागावर ठरतं: कीड साफ केल्यावर किती दाढ उरते, आणि जे उरतं ते किती लवकर झाकलं जातं.

लोकांत एक समज आहे की नस काढली की दाढ वाळते, लाकडासारखी ठिसूळ होते. ते तितकंसं खरं नाही. १९८९ सालचा एक प्रयोग आम्हाला शिकवला जायचा. त्यात काढलेल्या दातांवर दाब देऊन ताठपणा मोजला होता. नुसतं रूट कॅनलसाठी वरून भोक पाडलं तर ताठपणा ५ टक्क्यांच्या आसपासच कमी झाला. पण पुढच्या-मागच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही कडा कापल्या गेल्या, तर तो ६० टक्क्यांहून जास्त घटला. म्हणजे दाढ कमजोर होते ती कडा गेल्यामुळे. बऱ्याच जणांची कीड नेमकी दोन दाढांच्या फटीत लागते, घास अडकतो तिथे. ती साफ केली की एक कड जातेच, कधी दोन्ही जातात. मग उरतात गालाकडची एक भिंत आणि जिभेकडची एक भिंत, मध्ये सिमेंट. चकलीचा तुकडा बरोबर मध्ये आला की पाचर ठोकल्यासारखा दोन्ही भिंती बाहेर ढकलतो. आईंची दाढ "उभी चिरली" असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला तरी हेच झालेलं दिसतं. दाढेवर कॅप होती का हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझी पैज "नव्हती" वर.

या बाबतीत मी स्वतः ठेच खाऊन शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एक शिक्षक आले. शर्टाच्या खिशातून कापराची रिकामी डबी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत दाढेचा तुकडा, त्याला मी भरलेलं कच्चं सिमेंट अजून चिकटलेलं. रूट कॅनल मीच केलं होतं, चौदा महिन्यांपूर्वी. ठणका गेला, मग मुलीचं लग्न निघालं, मग परीक्षा, कॅप राहून गेली. मी जुना एक्स-रे काढून बघितला. भरण टोकापर्यंत सुरेख, वर्गात दाखवावं असं. आणि खुर्चीत बसवून प्रोबचं टोक फटीत घातलं तर जिभेकडचा अर्धा भाग दारासारखा उघडत होता. चीर मुळापर्यंत गेलेली. अशा दाढेचं काहीच करता येत नाही. मी ती काढली. सर जाताना म्हणाले, "मॅडम, दुखत नव्हती हो." दुखणारच नाही, नस मीच काढली होती. धोक्याची घंटा काढून घेतली आणि दाढ तशीच कामाला लावली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. कॅपचा खर्च वेगळा सांगणं बंद केलं, रूट कॅनल आणि कॅप मिळून एकच रक्कम सांगते. वेगळी सांगितली की पेशंट ती "नंतर बघू" मध्ये टाकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही, आपणच ती जादाची गोष्ट असल्यासारखी मांडलेली असते. दुसरं म्हणजे मुळं भरली की त्याच दिवशी वर पक्कं सिमेंट भरते आणि दाढेचे उंच टोकदार भाग थोडे उतरवून ठेवते, म्हणजे कॅप येईपर्यंत समोरच्या दाढेचा मार बसत नाही. कच्चं सिमेंट काही आठवड्यांसाठीच असतं. ते झिजलं, कडेने सुटलं की थुंकी आत झिरपते आणि जंतूंना मोकळी वाट मिळते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या दोघांनी १९९५ साली हजारावर दातांचे एक्स-रे तपासून असं मांडलं की मुळांतल्या भरणाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व वरच्या भरणाला आहे. त्यावर पुढे बरेच वाद झाले. आता बहुतेक जण दोन्ही सारखंच महत्त्वाचं मानतात, आणि माझा अनुभवही तोच.

आता मुळांकडे येऊ. इथे सगळा खेळ जंतूंचा आहे. १९६५ साली अमेरिकेत एक सुंदर प्रयोग झाला. उंदरांच्या दाढांना भोक पाडून नस उघडी केली आणि तशीच सोडली. साध्या उंदरांत ती सडली, मुळाशी पू झाला. पण जन्मापासून जंतुविरहित पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांत, अन्न आत अडकूनही, नस जिवंत राहिली आणि वर नवा थरसुद्धा धरला. जंतू नाहीत तर आजार नाही, इतका साधा निकाल. आम्ही फाईलने मूळ रुंद करतो, सोडियम हायपोक्लोराईट या जंतुनाशकाने पुन्हापुन्हा धुतो, मग गटा पर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करतो, ते याचसाठी. "नस मारणे" हा आपला शब्द तसा फसवा आहे, बऱ्याचदा नस आधीच मेलेली असते आणि आम्ही तिथला कचरा काढत असतो.

म्हणून किती उशिरा आलात याने फरक पडतो. स्वीडनमध्ये आठ ते दहा वर्षं पाठपुरावा करून १९९० साली एक अभ्यास छापला गेला. त्यांचं माप कडक, एक्स-रेवालं. सुरुवातीला मुळाशी काळा डाग नव्हता अशा दातांत ९६ टक्के यश, आधीच डाग पडलेल्या दातांत ८६ टक्के. आणि एकदा रूट कॅनल झालेलं, बिघडलेलं, डाग असलेलं पुन्हा केलं तर ६२ टक्के. त्यानंतर साधनं सुधारली, दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे याहून बरेच चांगले आकडे आता येतात. पण उतरंड तीच आहे. तुम्हाला अजून ठणका लागतोय म्हणजे नस बहुधा पूर्ण मेलेली नाही, ही तुमच्या फायद्याची गोष्ट. एक दिवस ठणका आपोआप थांबेल. तेव्हा "बरं वाटतंय" म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नका. नस मेली की ठणका थांबतो आणि जंतू निवांतपणे टोकाकडे सरकतात.

डॉक्टरांच्या हातात काय असतं? एक, रबर डॅम. दातावर चढवायची रबराची चादर, क्लॅम्पने अडकवलेली, त्यातून फक्त तुमची दाढ वर दिसते. थुंकी आत जात नाही, औषध आणि फाईल घशात जात नाही. ही काही नवी फॅशन नव्हे, १८६४ पासूनची गोष्ट आहे. तरी आपल्याकडे कित्येक दवाखान्यांत ती वापरत नाहीत, पाच मिनिटं जास्त लागतात म्हणून. ते मला पटत नाही, एवढंच म्हणते. तुम्ही खुशाल विचारा, "डॉक्टर, रबर डॅम लावणार ना?" त्यात अपमान वाटावा असं काही नाही.

दोन, मुळांतल्या सगळ्या नळ्या सापडणं, नस असते त्या. खालच्या पहिल्या दाढेत साधारण तीन, काही वेळा चार असतात. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी बहुतेकांना असते आणि ती भारी चकवते. सुरुवातीच्या वर्षांत मी ती कितीदा सोडली असेल, देव जाणे. एका बाईंची वरची दाढ तीन वर्षं "थोडी जड" वाटत होती, एक्स-रे छान म्हणून मी सायनसवर ढकललं. पुढे सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढला तेव्हा चौथी नळी तशीच, भरलेलीच नाही. माझीच चूक. पुन्हा उघडून ती साफ केली आणि जडपणा गेला. आता भिंगाशिवाय मी वरच्या दाढेला हात लावत नाही.

तुमच्या हातातल्या गोष्टी डॉक्टर सहसा बोलत नाहीत. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. नसली तर मुळाशी झालेला डाग भरायला वेळ लागतो, हे मी रोज बघते. मिश्री आणि तंबाखू असेल तर रूट कॅनल कितीही नीट झालं तरी हिरडीचं हाड खाली जातं, आणि कॅप घातलेली निरोगी दाढ हलायला लागून निघते. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती आधी सांगा, त्यावर कॅप कसली बसवायची ते बदलतं.

आता दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं. इम्प्लांट वाईट नाही, मीही पाठवते. पण "इम्प्लांट कायमचं आणि रूट कॅनल तात्पुरतं" ही मांडणी चूक आहे. दोन्हींची तुलना करणारे आढावे झालेत, त्यांत टिकण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीचं हाड सुजून झिजू शकतं, आणि तो आजार आटोक्यात आणणं नैसर्गिक दाताच्या हिरडीपेक्षा अवघड. शिवाय स्वतःच्या दाढेला हाडात एक मऊ आधार असतो, भाताच्या घासात खडा आला की तुमचा जबडा आपोआप थांबतो तो त्यामुळेच. इम्प्लांटला तो नाही. आमच्याकडे एका इम्प्लांटच्या पैशांत कॅपसकट दोन-तीन रूट कॅनल होतात, हा हिशेबही आहेच. आणि आज दाढ वाचवली आणि पंधरा वर्षांनी गेली, तर तेव्हा इम्प्लांट करता येतंच.

तरीही मी स्वतः "काढून टाका" म्हणते अशा दाढा आहेत. कीड हिरडीच्या खाली हाडापर्यंत गेलेली असेल, किंवा चीर मुळात उतरली असेल, तर नाही. कॅपला धरायला हिरडीच्या वर चारही बाजूंनी दीड-दोन मिलीमीटर तरी निरोगी दाढ लागते. लाकडी पिंपाला बाहेरून आवळणारं लोखंडी कडं असतं ना, तशी कॅप त्या पट्टीला आवळून बसते. ती पट्टी नसेल तर मुळात आधाराला कितीही पोस्ट, म्हणजे खिळे, घाला, सगळा भार मुळावर येतो आणि एक दिवस कॅप, सिमेंट, पोस्ट सगळं हातात येतं. अशा दाढेवर तुमचे वीस हजार घालवण्यापेक्षा दुसऱ्या डॉक्टरांचं ऐकलेलं बरं. कदाचित त्यांना एक्स-रेत हेच दिसलं असेल आणि समजावून सांगायला वेळ मिळाला नसेल. म्हणून जाऊन नेमकं हे विचारा: कीड साफ केल्यावर हिरडीच्या वर किती दाढ उरेल? काही वेळा उत्तर कीड प्रत्यक्ष काढल्यावरच कळतं. मी तेव्हा पेशंटला आरसा देऊन दाखवते, आणि तिथेच ठरवतो. प्रत्यक्ष दाढ बघितल्याशिवाय मी त्याहून पुढे जाणार नाही.

पुढच्या दातांचं वेगळं असतं, ओघात आलं म्हणून सांगते. पुढचा दात आपटून मेला असेल आणि बाकी अखंड असेल तर मागे छोटं भोक, नीट भरण, बस्स. प्रत्येक दाताला कॅप हवीच असं सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही.

रूट कॅनलने कॅन्सर होतो, हृदयविकार होतो असे व्हिडिओ तुम्हालाही कुणी पाठवले असतील. ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी मॉन्ट्रियलमध्ये दातांच्या कामावर झोड उठवणारं भाषण केलं, पुढे अमेरिकेत वेस्टन प्राइस यांनी सशांवर प्रयोग केले, आणि लोकांचे धडधाकट दात सरसकट उपटले गेले. ते प्रयोग नंतरच्या काटेकोर तपासणीत टिकले नाहीत. यावर जास्त वेळ घालवत नाही.

थोडक्यात, तुमच्या दाढेबद्दल: नस अजून जिवंत असेल, हिरडीच्या वर चांगली पट्टी उरत असेल, रबर डॅम लावून काम होत असेल आणि महिन्याच्या आत कॅप बसत असेल, तर मी तुमच्या जागी रूट कॅनल करून घेईन आणि पंधरा-वीस वर्षांची अपेक्षा ठेवेन. यातली पट्टीची अट मोडली तर नाही. झाल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढा, दुखत नसलं तरी. मुळाशी डाग असेल तर तो पूर्ण भरायला कधीकधी तीन-चार वर्षं लागतात, तेव्हा पहिल्या एक्स-रेत थोडा दिसला म्हणून घाबरून पुन्हा उघडायला जाऊ नका.

आणि एक. आईंच्या तोंडात रूट कॅनल केलेली, कॅप न बसवलेली आणखी एखादी दाढ आहे का ते विचारा. बऱ्याचदा असते, आणि दुखत नसल्यामुळे त्या सांगत नाहीत. असेल तर तुमच्या अपॉइंटमेंटला त्यांनाही बरोबर घेऊन जा आणि आधी त्यांना खुर्चीत बसवा. तोवर त्या बाजूने चकली नको.